नातवंडांच्या हातातली नवी प्रेमकथा

आपल्या मंडळाच्या वाचनालयाला यंदा एका कुटुंबाकडून इंग्रजी पुस्तकांची दोन खोकी भेट मिळाली. त्यांतली काही पुस्तके कोणत्या कपाटात लावायची यावर वाचनालय समितीत बराच खल झाला. मुखपृष्ठे गोड, रंगीत, आणि त्यांवर दोन मुलगे किंवा दोन मुली एकमेकांकडे पाहत उभ्या. एका सभासदांचे म्हणणे पडले की ही पुस्तके बालविभागात नकोत. दुसऱ्या एका सभासद भगिनींचा प्रश्न वेगळा होता : माझी नात हीच पुस्तके वाचते, तर यांत असते तरी काय, हे मला कोणी सांगेल का? आम्हाला हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटला. समितीत आम्ही तिघे, तिघेही साठी ओलांडलेले. आधी पुस्तके वाचायची आणि मग बोलायचे असे ठरले. वाचून जे समजले ते इंदूरच्या आपल्या सर्व सभासदांसाठी येथे मांडत आहोत.

आधी शब्दाचे पाहू. या पुस्तकांना ‘क्वीअर रोमान्स’ म्हणतात. क्वीअर म्हणजे इंग्रजीत मुळात विचित्र, तऱ्हेवाईक. शंभर वर्षांपूर्वी ती शिवी होती. पुढे ज्यांना ती दिली जाई त्यांनीच ती उचलली आणि स्वतःचे नाव म्हणून वापरायला सुरुवात केली. आता त्या एका शब्दाखाली बरेच जण येतात : समलिंगी स्त्री-पुरुष, स्त्री व पुरुष दोघांविषयीही ओढ वाटणारे, जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आपले नाही असे जाणवणारे पारलिंगी, आणि कोणाविषयीच तशी ओढ न वाटणारेही. अशी माणसे ज्यांत नायक-नायिका आहेत ती प्रेमकथा, एवढाच या नावाचा अर्थ.

‘रोमान्स’ या शब्दाचा मात्र पुस्तकांच्या धंद्यात एक नेमका अर्थ आहे, आणि तो कळला की पुढचे सगळे कळते. कोणत्याही प्रेमाच्या गोष्टीला प्रकाशक रोमान्स म्हणत नाहीत. अटी दोन. गोष्टीच्या मध्यभागी प्रेमच असले पाहिजे, ते उपकथानक असून चालत नाही. आणि शेवट समाधानाचा, आशेचा असला पाहिजे. ‘देवदास’ ही प्रेमकथा आहे, पण या हिशेबाने ती रोमान्स नव्हे. शेवटाचेही दोन प्रकार आहेत. एक, कायमचे सुख. दुसरा, तूर्त सुख, म्हणजे दोघे एकत्र आहेत, पुढचे पुढे. आम्हा बँकवाल्यांना हे पटकन समजले : एक दीर्घ मुदतीची ठेव आणि दुसरी अल्प मुदतीची, मुदत संपली की नूतनीकरण करण्याजोगी. वाचक पुस्तक विकत घेतो ते या हमीवर. मधल्या तीनशे पानांत काहीही होवो, शेवटी ठेव परत मिळणार.

ना. सी. फडके ज्यांनी वहीत दडवून वाचले, काकोडकरांची पुस्तके ज्यांनी फिरत्या वाचनालयातून आठ-आठ आण्यांनी आणली, त्यांना हे नवीन वाटू नये. रंजनाची कादंबरी आपल्याकडेही याच भरवशावर चालत असे. फरक एवढाच की हा भरवसा अशा जोडप्यांच्या वाट्याला यायला फार वर्षे लागली. त्या वर्षांच्या हकिगतीत आपल्या माळव्याचाही एक धागा आहे, तो जरा सविस्तर सांगतो.

देवास म्हटले की आपल्यातल्या बहुतेकांना टेकडीवरची माता आणि कुमारजी आठवतात. नोकरीतल्यांना नोटांचा कारखाना आठवतो. पण देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे १९२१ साली काही महिने एक इंग्रज खाजगी चिटणीस होता. त्याचे नाव ई. एम. फॉर्स्टर. त्याआधी १९१२-१३ च्या पहिल्या हिंदुस्थानभेटीतही तो देवासला येऊन गेला होता. ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही त्याची कादंबरी १९२४ ची. तिच्या शेवटच्या भागातला गोकुळाष्टमीचा उत्सव, तुकारामाचे नाव घेत गाणारे प्राध्यापक गोडबोले, हे सारे देवासच्या दरबारात त्याने जे पाहिले त्यातून आलेले आहे. देवासच्या दिवसांवर त्याने पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ हे स्वतंत्र पुस्तक काढले. ही टेकडी तीच, जिथे आपण नवरात्रात जातो.

याच फॉर्स्टरने पहिल्या भेटीहून परतल्यावर, १९१३-१४ मध्ये, ‘मॉरिस’ नावाची कादंबरी लिहिली. मॉरिस हा खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगा, केंब्रिजला शिकतो, शेअर दलालाच्या पेढीत काम करतो. कॉलेजातल्या क्लाइव्ह या मित्रावर त्याचे प्रेम बसते, क्लाइव्ह पुढे लग्न करून मोकळा होतो, आणि शेवटी मॉरिसला साथ मिळते ती क्लाइव्हच्या इस्टेटीवरल्या अ‍ॅलेक या रखवालदाराची. अ‍ॅलेक अर्जेंटिनाला जाणारी बोट सोडून मागे राहतो आणि दोघे एकत्र निघून जातात. बस, इतकेच. पण हा शेवट गोड होता आणि तीच अडचण होती. ऑस्कर वाइल्डला याच कारणाने १८९५ साली सक्तमजुरी झाली होती. इंग्लंडात हा गुन्हा १९६७ पर्यंत राहिला. पुस्तकाला जोडलेल्या टिपणात फॉर्स्टरने स्पष्ट लिहिले आहे की शेवट सुखाचा करणे त्याला आवश्यकच वाटत होते, आणि दोघांपैकी एकाला फासावर लटकवले असते तर पुस्तक छापणे सोपे गेले असते. त्याने शेवट बदलला नाही. पुस्तक छापलेही नाही. टंकलिखित प्रत मित्रांच्या हातांतून फिरत राहिली. फॉर्स्टर १९७० साली वारला आणि ‘मॉरिस’ १९७१ साली बाजारात आली. म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे या कादंबरीचे सगळे वाचक म्हणजे लेखकाचे मित्र!

देवासमध्ये असताना आपला कल त्याने महाराजांपाशी बोलून दाखवला होता, आणि महाराजांनी त्याला ना नोकरीवरून काढले, ना त्याच्याकडे पाठ फिरवली. हे फॉर्स्टरने ‘हिल ऑफ देवी’त घातले नाही. त्याने वेगळे लिहून ठेवलेले टिपण त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. राजवाड्यातल्या एका न्हाव्याशी आलेल्या संबंधाची त्यातली हकिगत फॉर्स्टरला सगळीच शोभणारी नाही. साहेब आणि नोकर यांच्यात बरोबरी नसते, आणि बरोबरी नसली की प्रेमाचे काय होते ते त्याच टिपणात दिसते. महाराजांचे वागणे मात्र १९२१ सालच्या मानाने लक्षात राहण्यासारखे आहे.

अमेरिकेत गोष्ट आणखी वेगळी. तिथे १९५० नंतर स्त्रियांच्या आपसांतल्या प्रेमावरची स्वस्त खिशातली पुस्तके धडाधड खपू लागली. पण तिथे अडसर होता पोस्टाचा. पुस्तके टपालाने जात, आणि टपाल खात्याचे निरीक्षक ‘अनीतीला उत्तेजन देणारी’ पुस्तके जप्त करू शकत. १९५२ साली ‘स्प्रिंग फायर’ लिहिणाऱ्या मॅरिजेन मीकर या लेखिकेला प्रकाशनाच्या संपादकाने बजावले की शेवट सुखाचा करायचा नाही. म्हणून त्यातली एक मुलगी शेवटी वेडी होते आणि दुसरी म्हणते, माझे हिच्यावर कधी प्रेम नव्हतेच. म्हणजे त्या काळातल्या अशा पुस्तकांत जी रडारड आणि मरणे दिसतात, ती सगळी लेखकांच्या मनातून आलेली नव्हती. काही तर सरळ डाकखर्चाचा भाग होती.

त्याच १९५२ साली ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी आली, क्लेअर मॉर्गन या नावाने. खेळण्यांच्या विभागात काम करणारी तेरीज आणि गिऱ्हाईक म्हणून आलेली कॅरल यांची ती गोष्ट, आणि तिचा शेवट आशेचा होता. लेखिकेला वाचकांची ढीगभर पत्रे आली. ही लेखिका म्हणजे रहस्यकथांसाठी प्रसिद्ध असलेली पॅट्रिशिया हायस्मिथ. पुस्तकावर स्वतःचे नाव घालायला तिने १९९० उजाडू दिले.

वाचनालयाचा विषय निघालाच आहे तर कॅन्ससचे प्रकरण सांगितले पाहिजे. नॅन्सी गार्डन यांची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ ही १९८२ ची कादंबरी : लिझा आणि अ‍ॅनी या न्यूयॉर्कमधल्या दोन शाळकरी मुली, दोघींची मैत्री आणि मग प्रेम. १९९३ साली कॅन्सस सिटी भागातल्या शाळांना ही कादंबरी भेट म्हणून पाठवली गेली. विरोधकांनी तिची प्रत जाळली. ओलाथी नावाच्या गावी शाळाखात्याने ती वाचनालयांतून काढून टाकली, तेव्हा विद्यार्थी आणि पालकच कोर्टात गेले. १९९५ साली निकाल लागला की केवळ त्यातला विचार आवडत नाही म्हणून वाचनालयातले पुस्तक काढता येत नाही. पुस्तक परत कपाटात गेले. आपली संस्था खाजगी आहे, आपल्याला तो कायदा लागू नाही. पण पुस्तके कोणी भेट दिली, कोणी हरकत घेतली, आणि वाचायची होती कोणाला, हा त्रिकोण आम्हाला फारच ओळखीचा वाटला.

आता आजच्या पुस्तकांकडे येऊ. मुलांमध्ये सगळ्यात जास्त फिरणारे नाव म्हणजे ‘हार्टस्टॉपर’. अ‍ॅलिस ओसमन या तरुण लेखिकेने हे चित्रकथेच्या रूपात २०१६ पासून इंटरनेटवर थोडेथोडे प्रसिद्ध केले, वाचकांच्याच वर्गणीतून पहिले पुस्तक छापले, मग मोठ्या प्रकाशकाने ते घेतले, आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर मालिका आली. चार्ली आणि निक इंग्लंडातल्या एकाच शाळेत आहेत. चार्ली हडकुळा, हळवा. निक रग्बी खेळणारा. दोघांना वर्गात शेजारी बसवतात आणि गोष्ट सुरू होते. प्रसंग इतके साधे की ‘काय झाले’ असे विचारले तर सांगायला फार नाही : हात हातात घेऊ का नको, मोबाइलवर लिहिलेला निरोप पाठवू का पुसू, एवढ्यात पानेच्या पाने. आमच्यातल्या एकाचे मत पडले की फारच संथ आहे. पण त्या वयातली धडधड अशीच असते.

आम्हाला खरे नवल वाटले ते त्या दोघांभोवतीच्या गोतावळ्याचे. ताओ हा चार्लीचा जिवलग, चिनी वंशाचा, थोडा भांडखोर, मित्राला कोणी दुखावेल म्हणून सदा सावध. एल ही पारलिंगी मुलगी, मुलांच्या शाळेतून मुलींच्या शाळेत गेलेली. तारा आणि डार्सी ही मुलींची जोडी. गोष्ट जेवढी चार्ली-निकची तेवढीच या सगळ्यांची. प्रेमाची कबुली आधी मित्रापाशी होते, रुसवेफुगवे मित्र काढतात, शाळेत कोणी टोमणा मारला तर मित्र आडवे येतात.

हे असे का, यावर आम्ही बराच विचार केला. आपल्या जुन्या कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत, प्रेमिकांची कामे कोण करत असे? वहिनी, मावशी, एखादे समजूतदार काका. चिठ्ठी पोचवायची, आईच्या कानावर हळूच घालायचे, वडिलांचा राग उतरेपर्यंत थांबायचे, ही कामे घरातल्या माणसांची. या पुस्तकांतल्या मुलांना ती सोय सुरुवातीला नसते. साध्या प्रेमात घरच्यांना फार तर मुलगी पसंत नसते, जात आडवी येते. इथे मूल स्वतःच नापसंत ठरेल अशी भीती असते. राहायचे घर, शाळेची फी, ताटातले जेवण, आईची माया, सगळे एकाच ठिकाणी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सगळी पुंजी ज्या एका खात्यात आहे, तिथे माणूस जोखीम शेवटी घेतो. आधी लहान रकमेवर अजमावून पाहतो. मित्राला सांगणे ही ती लहान रक्कम. मित्र गेला तर दुःख होते, पण डोक्यावरचे छप्पर राहते. म्हणून मुलाने आधी मित्राला सांगितले आणि मग आपल्याला, यात आईवडिलांनी अपमान मानू नये असे आमचे स्पष्ट मत झाले. जिथे गमावण्याजोगे सर्वांत जास्त असते, तिथेच सर्वांत उशिरा बोलले जाते.

अशा मित्रांच्या कुटुंबाला इंग्रजीत ‘फाउंड फॅमिली’ म्हणतात, म्हणजे जन्माने न मिळालेले, शोधून मिळवलेले घर. ही कल्पना लोकप्रिय करण्यात आर्मिस्टेड मॉपिन यांच्या ‘टेल्स ऑफ द सिटी’चा वाटा मोठा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दैनिकात १९७६ पासून ती क्रमशः येत असे. एक जुने घर, वरखाली भाडेकरू, वेगवेगळ्या तऱ्हेची तरुण माणसे, आणि त्या सगळ्यांवर पंख पसरून बसलेली घरमालकीण मिसेस मॅड्रिगल. आम्हाला वाचताना पुलंची ‘बटाट्याची चाळ’ आठवत राहिली, फक्त इथल्या भाडेकरूंची घरची माणसे दूर राहिलेली आहेत.

पण मित्रांनी सगळेच निभत नाही, हेही ही पुस्तके मानतात. ‘हार्टस्टॉपर’च्या पुढच्या भागांत चार्लीचे जेवण सुटत जाते, तो आजारी पडतो. निक घाबरून जातो. केवळ प्रेमाने हा आजार बरा करता येणार नाही हे त्याला मोठ्या माणसाशी बोलल्यावर समजते, आणि डॉक्टरांची मदत घेतली जाते. म्हणजे फिरून मोठी माणसे आलीच. आम्हाला तो भाग सर्वांत चांगला वाटला.

आपल्या घरांना जवळची वाटेल अशी कादंबरी म्हणजे अदीबा जयगीरदार यांची ‘द हेना वॉर्स’, २०२० ची. डब्लिनमध्ये राहणारी बांगलादेशी घरातली निशात. तिने घरी सांगितले आहे, आणि घरात थंड शांतता पसरली आहे. ना आरडाओरड, ना हाकलून देणे, फक्त तो विषय नाही असे धरून चालायचे. ‘लोक काय म्हणतील’ हे तिथेही आहेच. शाळेत व्यवसायाची स्पर्धा लागते. निशात मेंदी काढून देण्याचा धंदा मांडते आणि फ्लाव्हिया नावाची ब्राझिलियन-आयरिश मुलगीही नेमका तोच मांडते. मेंदी आमची की कोणाचीही, यावरून भांडण, आणि भांडता भांडता मन जडणे. भांडवल, दर, गिऱ्हाईक हा भाग आम्ही विशेष आवडीने वाचला हे सांगायला नको. निशातची धाकटी बहीण प्रीती ही या पुस्तकाचा प्राण आहे. आईवडिलांपर्यंतचा पूल ती आहे. ‘आधी भांडण मग प्रेम’ हा या पुस्तकांतला ठरलेला साचा, तसाच दुसरा ‘खोटेखोटे प्रेम करता करता खरे होणे’. संगीत नाटकांवर वाढलेल्यांना गैरसमजांचे असे गुंते आणि शेवटी त्यांची उकल यांची सवय असतेच. ‘संशयकल्लोळ’ दुसरे काय आहे?

हा दुसरा साचा अलेक्सिस हॉल यांच्या ‘बॉयफ्रेंड मटेरियल’मध्ये आहे, तीही २०२० चीच, आणि ती खरोखर हसवते. केसी मॅकक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’, २०१९ ची, सगळ्यांत जास्त गाजलेली. अमेरिकेच्या महिला राष्ट्राध्यक्षांचा मेक्सिकन वंशाच्या वडिलांकडचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र हे त्यातले जोडपे. लग्नात केकवर पडतात, मग वर्तमानपत्रांसाठी मैत्रीचे नाटक करतात, आणि पुढचे तुम्ही ओळखालच. आमच्या मते फार साखर आहे. राजवाडे आणि विमाने असली की अडचणी सुटायला वेळ लागत नाही. निशातच्या स्वयंपाकघरातली ती शांतता या पुस्तकात कुठेही नाही.

पात्रे इतक्या वेगवेगळ्या वंशांची, रंगांची, धर्मांची का असतात, असाही प्रश्न बैठकीत आला. एक कारण सरळ आहे, लंडन-न्यूयॉर्कच्या शाळांत वर्ग तसेच असतात. दुसरे असे की पूर्वी या विषयावर जे थोडे लिहिले गेले त्यात बहुधा गोरे, पैसेवाले पुरुषच असत. बांगलादेशी मुलीला स्वतःची गोष्ट सापडायला फार वर्षे लागली. कधी कधी हे जमते, कधी नाही. काही पुस्तकांत अर्जातले रकाने भरल्यासारखी पात्रे येतात : एक या देशाचे, एक त्या धर्माचे, आणि कोणालाच स्वतःचा स्वभाव नाही. ताओ रागावतो तेव्हा तो ताओ म्हणून रागावतो, म्हणून तो लक्षात राहतो.

मराठीत काय आहे? आहे, आणि चांगले आहे, पण त्याचा सूर निराळा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. सुमित्रा, जिला सगळे मित्रा म्हणतात, तिला स्त्रीविषयी ओढ आहे, आणि ही गोष्ट सांगतो तो बापू, तिचा कॉलेजातला मित्र. नावातच दोन्ही अर्थ आहेत, मित्रा नावाच्या मुलीची आणि मित्राने सांगितलेली. बापू तिच्यासाठी धडपडतो, तिचे निरोप नेतो, लोकांची बोलणी खातो. शेवटी तिला वाचवू शकत नाही. आजची पुस्तके वाचून हे नाटक पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की मित्राभोवती ताओ, एल, तारा असा घोळका नाही. एकटा बापू आहे, आणि बापूचेही मन तिच्यात गुंतलेले. एका माणसावर सगळा भार.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची. पुण्यातल्या घरी भाडेकरू म्हणून आलेला एक तरुण. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही त्याच्यावर प्रेम करतात, आणि तो निघून जातो. आधी तनय सांगतो, मग अनुजा. जेरी पिंटो यांनी २०१३ साली तिचे इंग्रजी भाषांतर केले, आणि लेखकानेच दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ साली आला. अनुजाला निदान घरातल्यांसमोर मोडून पडता येते. तनयला तेही नाही, कारण त्याचे दुःख कोणाला ठाऊकच नाही. ही अप्रतिम कादंबरी आहे, पण वर सांगितलेल्या अर्थाने ती रोमान्स नाही. ठेव परत मिळत नाही. आपल्या कपाटात अशा प्रेमाचे दुःख मराठीत आहे, सुख मात्र आपली नातवंडे इंग्रजीत वाचतात. कोणी मराठीत लिहील तर मंडळ पहिली प्रत विकत घेईल.

शेवटी घरातला प्रश्न, जो बैठकीनंतर तिघा-चौघांनी बाजूला घेऊन विचारला. मूल हे वाचते म्हणजे ते ‘तसे’ आहे का? नाही, तसे ठरवता येत नाही. ही पुस्तके सर्व प्रकारची मुले वाचतात, बहुतेक जण केवळ गोष्ट चांगली म्हणून. वाचून कोणी तसे होते का? तेही नाही. आपल्या पिढीने आयुष्यभर स्त्री-पुरुषांच्याच प्रेमकथा वाचल्या, सिनेमे पाहिले, आणि तरीही आपल्या पिढीत अशी माणसे होतीच. कोणी लग्न करून गप्प राहिले, कोणी लग्न न करता. हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच तो आजारांच्या यादीतून काढला. आपल्याकडे तो गुन्हाही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तसा निकाल दिला. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. २०२३ सालच्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेवर सोडला. आणि मूल असेल ‘तसे’ तर? तर कदाचित ते पुस्तक तुमच्या नजरेस पडेल अशा जागी मुद्दामच ठेवलेले असेल. अशा वेळी पुस्तक उचलून दोन पाने वाचावीत आणि ताओ कोण, एवढे विचारावे. चौकशी त्याहून जास्त नको.

समितीचा निर्णय असा : ‘हार्टस्टॉपर’ आणि ‘द हेना वॉर्स’ किशोर विभागात, बारा-तेरा वर्षांपुढे. पहिल्यात स्वतःला इजा करून घेण्याचे व जेवण सुटण्याचे उल्लेख आहेत, दुसरीत शाळेतला वंशद्वेष आणि मुलीचे गुपित परस्पर फोडले जाण्याचा प्रसंग आहे, त्यामुळे घरातल्या कोणी सोबत वाचले तर बरे. ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ त्याच्या शेजारी. ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ आणि ‘बॉयफ्रेंड मटेरियल’ मोठ्यांच्या कपाटात, कारण त्यांत शरीरसंबंधांचे प्रसंग आहेत. तसे प्रसंग असलेल्या इतर कादंबऱ्याही आपण तिथेच ठेवतो. ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘मित्राची गोष्ट’ मराठी विभागात पूर्वीपासून आहेत. ‘मॉरिस’ची एकच प्रत आहे आणि ती सध्या बाहेर गेली आहे. तोवर देवासकर सभासदांनी ‘द हिल ऑफ देवी’ न्यावे, ते कपाट क्रमांक चारमध्ये, प्रवासवर्णनांत लावले आहे.